भाईंचा खांदा

सर्व संबंधितांनी हातातली कामं बाजूला ठेवावीत, टीव्हीचा आवाज कमी करावा आणि गुडघे साथ देत असतील तर उभं राहावं. रत्नागिरीत, मांडवीतल्या आमच्या आळीत एका सकाळी जी घोषणा झाली, ती मी तिच्या मूळ गांभीर्यासह पुन्हा करतो आहे: भाईंनी मीठ सोडलं!

घोषणा खुद्द भाईंनीच केली होती, आपल्या पडवीत उभं राहून, कमरेवर हात ठेवून. भाईंचं सगळंच जाहीर असायचं. वीज खात्यातून निवृत्त झालेला हा आमचा शेजारी आंघोळीला निघाला तरी आळीला कळायचं. आवाज पहाडी, खांदे रुंद आणि पोट असं, की दारातून आधी ते यायचं, खुर्ची बघून स्थिरस्थावर व्हायचं, मग मागून भाई यायचे. "हे पोट नव्हे रे मेल्या," ते मला सांगायचे, "हा पालखीचा पाया आहे!"

यात थट्टा अर्धीच होती. संगमेश्वराकडच्या त्यांच्या गावात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते आणि ज्याच्या अंगणात येते तो ती खांद्यावर घेऊन नाचवतो. ढोल घुमला की भाई पुढच्या दांड्याखाली शिरायचे, ते बाहेर यायचं नाव नाही. आपलं अंगण झालं की शेजाऱ्याचं, मग त्याच्या शेजाऱ्याचं. दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. धाकटा भाऊ वसंत वर्षानुवर्षं बाजूला उभा राहून टाळ्या वाजवायचा.

आणि एका शिमग्याला, स्वतःच्याच अंगणात, भाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दांडा कलला. वसंतने झेप घेऊन खांदा घातला म्हणून पालखी राहिली. ती जमिनीला टेकली असती तर काय, हे त्या गावात आजही कुणी तोंडाने बोलत नाही. भाईंना रत्नागिरीला आणून दाखवलं, तेव्हा रक्तदाब असा निघाला की डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर संशय घेतला आणि दुसरं मागवलं. दुसऱ्याने पहिल्याचीच री ओढली. वजन उतरवा, मीठ कमी करा, चाला, गोळी चुकवू नका, असं बाईंनी बजावलं. पाठोपाठ गावच्या मानकऱ्यांचा निरोप आला: "डाक्टर हो म्हणल्याबिगर भाईला खांदा नाय."

डॉक्टरांना भाई भ्यायले नव्हते. या निरोपाने मात्र त्यांचा आवाजच गेला. पडवीत नुसते बसून राहायचे. आळीला ती शांतता सोसेना. माणसं उगाच त्यांच्या दारावरून खोकत जायला लागली. मग ती मिठाची घोषणा झाली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

वहिनींनी आमटी अळणी केली, भाजी अळणी केली. भाई वाकडं तोंड करत, पण जेवत. तरी पावसाळा उलटत आला आणि रक्तदाब काही जागचा हलेना. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. त्या दिवशी भाईंना धरून मीच घेऊन गेलो होतो, त्यामुळे पुढचा संवाद माझ्या कानांनी ऐकलेला आहे.

"जेवता काय रोज?"

"पेज, आमटी-भात. सगळं अळणी. ऋषिमुनींसारखं."

"आणि तोंडी लावायला?"

"विशेष काही नाही हो. भाजलेला खारा बांगडा. नाहीतर सुकट. मिठातली कैरी असते. पापड तर असतोच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "भाई, मग मीठ सोडलंत कुठे?"

"ते मीठ कुठलं, डॉक्टर?" भाई मनापासून दुखावले. "ती आगोट आहे!"

आता यावर बाहेरच्यांनी हसू नये. पावसाळ्यात दर्या बंद असतो, म्हणून मे महिन्यात आम्ही घरात जी बेगमी भरून ठेवतो ती आगोट. तिला आम्ही खाण्यात धरतच नाही. ती छपरावरच्या कौलांसारखी घरात असतेच. बाईंचं माहेर किनाऱ्यावरच्या बुरोंडीचं, त्यामुळे त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. "ताजा बांगडा खुशाल खा," त्या म्हणाल्या. "पण खारवलेलं काही ताटात दिसलं, तर शिमग्याचं नाव माझ्याकडे काढायचं नाही."

भाईंनी घरी येऊन बरणीकडे पाठ केली आणि जेवायला बसले. भात कमी व्हावा म्हणून वहिनींनी त्यांना लहान थाळी दिली, तर त्यांनी भाताचा डोंगर रुंदीऐवजी उंचीत नेला. वहिनींनी डाव उचलून शिखर काढून घेतलं. भाई हताशपणे माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ, निम्मा सह्याद्री गेला!"

चालण्याचा प्रकार याहून अवघड होता. जेटीपर्यंत जाऊन यायचं, एवढंच. पण भाई प्रत्येक फाटकाशी थांबत. कुणाची कलमं पालवली, कुणाच्या मुलीचं जमलं, सगळ्याची चौकशी. "चालायला जाता की मतं मागायला?" वहिनींनी विचारलंच. तेव्हा भाईंनी नियम काढला: बोलायचं असेल त्याने सोबत चालायचं, आपण थांबणार नाही. रत्नागिरीचा माणूस एक वेळ जेवण अर्धं सोडेल, गप्पा नाही सोडायचा. लोक स्लिपरवर, एक जण तर तोंडात ब्रश घेऊन, भाईंच्या मागे निघाले. बघता बघता आम्ही पाच-सात ढेरपोटे काळ्या वाळूवरून दुडक्या चालीने जाऊ लागलो. आणि एक गंमत झाली. आमच्यातल्या एकेकाने, समुद्राकडे तोंड करून, हळूच सांगायला सुरुवात केली, की मलाही दाब आहे, घरी बोललो नाही. तोंडासमोर बसून पुरुषमाणसाला हे सांगता येत नाही. चालता चालता येतं.

दिवाळीच्या सुमारास आकडे उतरले, आणि भाईंमधला घोषणाकार उसळला. "आजपासून गोळी बंद! आजाराने शरणागती पत्करली आहे!" मी पडवीत चहा पीत होतो. वहिनी आतून आल्या. एरवी त्या एका वाक्याच्या वर बोलायच्या नाहीत.

"पालखीखाली तुम्ही होतात," त्या म्हणाल्या. "मी दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होते. ते ताट माझ्या हातात कसं राहिलं, ते विचारा कधीतरी."

भाईंनी उठून गोळी घेतली. त्या गोळीची घोषणा आळीत झाली नाही.

भाई आता मांडवीत नसतात. त्या दिवाळीनंतरचा शिमगा झाला आणि ते कायमचे गावी राहायला गेले. आळी ओकीबोकी झाली, पण आमची मिरवणूक अजून रोज जेटीवर जाते, अजूनही फाटकाशी कुणी थांबत नाही आणि माझा स्वतःचा दाब डॉक्टरीणबाईंना दाखवायला मी आढेवेढे घेत नाही. ते जायच्या आधीचा तो शिमगा बघायला मी मुद्दाम त्यांच्या गावी गेलो होतो.

बाईंनी परवानगी दिली होती, पण अटीवर: फक्त आपल्या अंगणापुरतं, आणि दम लागायच्या आधी सोडायचं, लागल्यावर नव्हे. मानकऱ्यांनी मान हलवली. भाई दांड्याखाली शिरले. सदरा अंगावर शिडासारखा फडफडत होता. ढोल चढला, पालखी डुलू लागली, अंगण नाचू लागलं. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या पालखीकडे बघतच नव्हत्या, भाईंच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. ढोल आणखी चढला. भाई हसत होते, श्वास शाबूत होता, गावाला वाटलं आता हा शेजारच्या अंगणात घुसणार.

आणि भाईंनी पाय आवरले. "वसंता, ये. धर."

वसंतने मागे वळून पाहिलं, दुसरा कुणी वसंत उभा आहे का म्हणून.

"अरे तूच! ये लवकर!"

वसंत दांड्याखाली शिरला. भाई बाहेर आले. असं काही त्या गावाने पाहिलं नव्हतं. ढोलवाल्याचे हात जागच्या जागी थांबले, अंगण चिडीचूप झालं. आणि अख्ख्या गावासमोर, मानकऱ्यांसमोर, खुद्द देवीसमोर, वहिनींच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं:

"अगो बाय! ह्यांना अक्कल आली!"