पाणी कुठी गेलं?

मलकापूरच्या एका कापूस व्यापाऱ्यांना आमची गाडी विकत घ्यायची होती. रविवारी घेऊन या, बघून ठरवू, असं ते फोनवर म्हणाले. देऊळगाव राजाहून चिखली, बुलढाणा, मोताळा करत मलकापूरला जायला तीन-चार तास पुरतात. पण माझी मोठी बहीण विमलताई म्हणाली, "द्यायचीच आहे तर एक फेरी करून दे. सुनंदाच्या रस्त्यानं. आम्ही येतो."

सुनंदा माझी पत्नी. तिला जाऊन आठ महिने झाले. तिचा रस्ता म्हणजे लोणार, खामगाव, शेगाव आणि शेवटी संग्रामपूरजवळचं तिचं माहेर. तिथून मलकापूर जवळ पडतं. मी ताईला दोन दिवस उत्तर दिलं नाही. माहेरी तिची आई एकटी राहते आणि सुनंदाच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमानंतर मी त्यांच्यासमोर गेलो नव्हतो. सुनंदा दवाखान्यात होती तेव्हा त्यांचा रोज संध्याकाळी फोन यायचा आणि मी रोज "बरी आहे" म्हणायचो. त्या पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. गाडी विकण्यापेक्षा मला त्या अंगणात उभं राहणं जड होतं. पण गाडी गेल्यावर तिकडे जायला काही कारणच उरलं नसतं. म्हणून हो म्हणालो.

घरासारख्या गाडीबद्दल बरेच जण विचारतात म्हणून थोडं सांगतो. आमची गाडी म्हणजे एका शाळेची जुनी सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर. मी कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होतो. निवृत्तीनंतर ती घेतली. माझे मित्र रफिकभाई गाड्यांच्या बॉडीचं काम करतात. त्यांनी आतल्या सीट काढून दोन बाक, एक छोटा ओटा, शंभर लिटरची टाकी आणि वर सामानाची कपाटं बसवली. तिघं आत झोपतात, चौथ्याला बाहेर खाट. डिझेल लिटरला दहा किलोमीटरच्या आसपास धरा. एक सूचना : आत बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या आणि ते कागदावर आणा, नाहीतर नाक्यावर खोळंबा होतो.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. गाडी सपाट उभी राहिली पाहिजे. तिरपी असेल तर तव्यावरचं तेल एका कडेला जातं, कपाटं आपोआप उघडतात आणि झोपणारा रात्रभर घसरतो. त्यासाठी रफिकभाईंनी सागवानी फळ्यांचे तुकडे दिले होते. मुक्कामाला पोचलं की सुनंदा ओट्यावर स्टीलचं ताट ठेवायची, त्यात बोटभर पाणी आणि पाणी नीट दिसावं म्हणून चिमूटभर हळद. मी शाई सुचवली होती. "जेवाच्या ताटात शाई?" एवढंच ती म्हणाली. मग ती आतून पाणी बघून सांगायची आणि मी बाहेर चाकाखाली फळी लावून गाडी वर घ्यायचो.

तिला डावं-उजवं पटकन सुचत नसे. ड्रायव्हरची बाजू माझी म्हणून ती देऊळगाव, आणि शेजारची तिची म्हणून संग्रामपूर. "पाणी देऊळगावले चाललं" म्हणजे माझी बाजू खाली आहे, तिकडे फळी लावा. "संग्रामपूरले चाललं" म्हणजे दुसरीकडे. ताटात पाणी सगळीकडे सारखं झालं की ती म्हणायची, "थांबलं." मग चहा. आणि चहा झाला की आईला फोन. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "पाणी कुठी गेलं?"

गुरुवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. विमलताई, जालन्याहून आलेले तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, रफिकभाई आणि मी. सिंदखेड राजाला चहा घेतला. पुढचा रस्ता बरा आहे, मधे काही ठिकाणी खड्डे चुकवावे लागतात. दोन्हीकडे तूर वाळत आलेली, कापसाची दुसरी वेचणी चालू. दुपारी लोणारला पोचलो. सरोवराच्या काठापासून थोडं दूर एका शेतकऱ्यांच्या पडीक जागेत आम्ही नेहमी थांबतो. ते पैसे घेत नाहीत, पण त्यांच्या घरी भाकरी-पिठलं सांगितलं तर त्याचे घेतात, आणि ते सांगावंच.

सरोवरात उतरायचं तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. उतरताना काही वाटत नाही, चढताना दम लागतो. प्यायचं पाणी जवळ ठेवा. आम्ही चौघं वरूनच बघून आलो. मागे एकदा सुनंदानं इथलं पाणी बाटलीत भरून आणायला लावलं होतं. कॉलेजात लिटमस कागद बुडवला तर तांबडा कागद निळा झाला. तो तिनं बरेच दिवस कुकरच्या पुस्तिकेत जपून ठेवला होता.

त्या मुक्कामी मी फळ्या काढल्या नाहीत. ताट खिळ्याला होतं तसंच राहू दिलं. सकाळी उठलो तर आतली सगळी पांघरुणं एका कडेला गोळा झालेली. दाजी चहाचा कप धरून म्हणाले, "अशोक, चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझी बहीण माझ्या बाजूनं झाली." ताईनं त्यांना गप्प बसा म्हणून सांगितलं. मीही हसलो. पण रफिकभाई हसले नाहीत, ते कपाटाच्या बिजागरीला बोट लावून बघत होते.

शुक्रवारी मेहकर, जानेफळ करत खामगाव. जानेफळच्या पुढे काही अंतर काम चालू आहे, तासभर जास्तीचा धरा. शेगावला दर्शनाची आणि कचोरीची, दोन्ही रांगा होत्या. ताई पहिल्या रांगेत गेली, दाजी दुसऱ्या. कचोरी गरम असतानाच खा, बांधून नेलेली मऊ पडते. शेगावच्या पुढे रफिकभाईंच्या ओळखीच्या एका शेतात थांबलो.

इथे जमीन चांगलीच उतरती होती. दाजींनी मला न विचारता ताट उतरवलं, पाणी ओतलं आणि आतून आवाज दिला, "लेफ्टला घे. अजून लेफ्ट." मी फळी हातात घेऊन वाकलो होतो. तसाच राहिलो. मग फळी गाडीखाली सरकवून दिली आणि म्हणालो, "राहू द्या दाजी. उगाच कशाला." आवाज चढला असावा, कारण आत ताटातलं पाणी ओतून दिल्याचं आणि ताट परत खिळ्याला अडकवल्याचं ऐकू आलं. ते मदत करत होते. मला ते कळत होतं आणि तरी मी माफी मागितली नाही.

अंधार पडायच्या आधी रफिकभाई माझ्याजवळ येऊन बसले. ते मला कॉलेजातल्यासारखं अजून सर म्हणतात. म्हणाले, "सर, गाडी दोन दिवस तिरपी आहे. बिजागऱ्या चालल्या. भाभी नाहीत, कबूल. बिजागऱ्यांनी काय केलं?"

मी म्हणालो, विकायचीच तर आहे.

"मग घेणाऱ्यानं काय केलं?"

जेवताना मी दाजींच्या ताटात माझ्या वाटची कचोरी ठेवली. त्यांनी ती मोडून अर्धी मला परत दिली. आमच्यात एवढ्यावर भागतं.

शनिवारी पूर्णेचा पूल ओलांडून वरवट बकाल, मग संग्रामपूर. इथून सातपुडा समोर दिसू लागतो. बाजारातून वांगी, संत्री आणि सासूबाईंसाठी चहाची पुडी घेतली. रस्ता अरुंद आहे, समोरून ट्रॅक्टर आला तर एकानं शेतात उतरायचं. मोठी गाडी असेल तर आपणच उतरावं.

सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढं. गाडीचा आवाज ओळखून त्यांनी वर बघितलं, सूप खाली ठेवलं. ताईला जवळ घेतलं, दाजींना आणि रफिकभाईंना बसायला खाट दिली. मी जयभीम केला. त्यांनीही केला आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा झाला, म्हशीची चौकशी झाली, यंदा तूर बरी आहे हे झालं. माझ्याशी थेट एक शब्द नाही. शेवटी त्या ताईकडे बघून म्हणाल्या, घरात जागा हाय, गाडीत काऊन झोपता. ताई म्हणाली, गाडी उद्या मलकापूरला द्यायची आहे, शेवटचीच वेळ आहे.

मी उठून गाडी अंगणाच्या कडेला घेतली. डोंगराच्या पायथ्याची जमीन, इथे काहीच सपाट नाही. रफिकभाईंच्या बिजागऱ्या आठवल्या आणि फळ्या काढल्या. अंदाजानं लावू, असं ठरवून मागच्या चाकाशी बसलो. तेवढ्यात गाडी किंचित हलली. कोणीतरी आत चढलं होतं. ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग पाण्याचा.

"जवाईबापू," आतून सासूबाईंचा आवाज आला, "पाणी देऊळगावले चाललं."

मी जरा वेळ तिथेच बसून राहिलो. मग माझ्या बाजूच्या चाकापुढं फळी लावली, स्टिअरिंगवर बसून गाडी वर घेतली, उतरलो.

"आता?"

"अजून देऊळगावले. बोटभर."

दुसरी फळी लावली.

"आता?"

"आता संग्रामपूरले चाललं. लय चढवली तुम्ही."

दुसरी फळी काढून पातळ लावली. आतून काहीच येईना. ताई, दाजी, रफिकभाई तिघंही अंगणात उभे होते. मग त्या म्हणाल्या, "थांबलं."

मी आत गेलो. त्या बाकावर सुनंदाच्या जागी बसल्या होत्या. हळद त्यांनीही टाकली होती. त्या ताटाकडे बघतच म्हणाल्या, "तुम्ही मले खोटं सांगतलं."

"हो," मी म्हणालो.

"तिनं सांगाले लावलं असंल."

तसं म्हटलं असतं तर सोपं होतं. मी म्हणालो, "नाही आई. मीच सांगितलं."

त्यांनी मान हलवली. "ती रोज मले सांगे, पाणी कुठी गेलं ते. मंग तिचा फोन बंद झाला अन् तुमचा चालू झाला. बरी हाय, बरी हाय. मले काय समजलं नसंल, पाणी कुठी चाललं ते?" मग थोडं थांबून, "मी काऊन निघाली नाही मंग? मले वाटे, मी निघाली तर ते खरं होईन."

मी समोरच्या बाकावर बसलो. आठ महिने मी धरून चाललो होतो की खोटं मी एकट्यानं बोललो. त्या दिवसांत फोनच्या दोन्ही टोकांना एकच गोष्ट माहीत होती आणि दोघंही ती बोलत नव्हतो. बाहेर ताईनं रोडग्यांसाठी गोवऱ्या पेटवल्या होत्या. धूर आत आला तेव्हा आम्ही उठलो.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. तुम्ही या भागात आलात आणि कोणी रोडग्यांना बोलावलं तर नाही म्हणू नका, आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. जेवताना सासूबाई म्हणाल्या, सुनंदा दर खेपेला लोणार दाखवते चल म्हणायची, पण म्हशीपायी जमलं नाही. दाजींनी विचारलं, आता म्हशीचं काय? त्या म्हणाल्या, शेजारीण पाहीन की आठ दिवस. म्हशीले काय, कोणी बी चालते.

सकाळी मी मलकापूरला फोन केला. म्हणालो, विकायची नाही असं नाही, पण आत्ता नको. ते जरा नाराज झाले. कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं, की आमच्या सासूबाईंना लोणार बघायचं आहे. मग म्हणाले, दाखवा, दाखवा. आईचं राहून जाऊ नये.

आल्या रस्त्यानंच परत फिरलो. सासूबाई पुढं माझ्या शेजारी, संग्रामपूरच्या बाजूला. लोणारला काठावर त्यांना खुर्ची टाकून दिली. त्या बराच वेळ बघत होत्या. आम्हाला वाटलं काही आवडलं नाही की काय. मग म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् कुठीच चाललं नाही."

घरी येऊन तीन आठवडे झाले. सासूबाई आठ दिवस राहिल्या आणि मग एसटीनं गेल्या, म्हशीच्या काळजीनं. गाडी गल्लीत उभी आहे. रफिकभाईंनी दोन बिजागऱ्या बदलल्या. पुण्याहून आमच्या मुलानं सांगितलं की गाडीची पातळी मोबाइलमध्येही दिसते, ताटाची गरज नाही. ते खरं आहे, तुम्ही मोबाइल वापरा. गाडी ठेवणार की देणार, हे मला अजून नक्की माहीत नाही. पावसाळ्याआधी ठरवीन.

पण संध्याकाळी सासूबाईंचा फोन येतो. गाडी गल्लीतून हललेली नसते हे त्यांना माहीत असतं, तरी प्रश्न तोच. बहुतेक वेळा मी "थांबलेलं आहे" म्हणतो, कारण तसं असतं. काल दिवसभर घरात करमलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता. फोन आला.

"पाणी कुठी गेलं?"

बरं आहे, असं तोंडावर आलं होतं. मी म्हणालो, "आज देऊळगावला चाललंय, आई."

"हाव?" त्या म्हणाल्या. "मंग फळी लावा. उठा. आधी भात टाका. मी फोन धरून हाय."