दस्तगीरचाचांचा ओळंबा

दस्तगीरचाचा पिशवीतून कॅमेऱ्याच्या आधी ओळंबा बाहेर काढायचे. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीच्या टोकाला जे पितळी वजन सोडतात, तो ओळंबा. तिपाई रोवायची, शेजारी एका काठीला ओळंबा टांगायचा, तो डुलायचा थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मगच कॅमेऱ्याला हात लावायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. मी कोल्हापुरात आर्किटेक्ट म्हणून नुकतंच ऑफिस थाटलं होतं आणि माझ्या पहिल्या बंगल्याचे फोटो काढायला त्यांना बोलावलं होतं. मला घाई, बंगल्याच्या मालकांना त्याहून जास्त, आणि हे आपले दोरीकडे बघत उभे. शेवटी मी म्हटलं, चाचा, बंगला सरळच आहे हो, मीच बांधून घेतलाय.

"बंगला सरळ हाय ओ ताई," ते म्हणाले. "माझा कॅमेरा सरळ हाय का, त्ये बघालोय."

चाचांचे वडील गवंडी होते आणि ओळंबा त्यांचाच. चाचा स्वतः लग्नाचे फोटो काढून घर चालवत आणि इमारतींचे फोटो काढून खूश होत. तरुणपणी तालमीत कुस्ती खेळलेले असल्यामुळे कान चेचलेले, आवाज आखाड्यातला आणि स्वभाव तोंडावर बोलायचा. एका नवरदेवाला त्यांनी भर मांडवात, नारळ नीट धर, बॉम्ब न्हाय त्यो, असं सुनावलेलं मी ऐकलंय.

त्यांचा सगळा जीव एका लेन्सवर होता. उंच इमारत चौकटीत मावावी म्हणून आपण कॅमेरा वर उचलतो आणि फोटोत तिच्या भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. चाचांच्या लेन्सची तऱ्हा वेगळी. कॅमेरा जमिनीला समांतर ठेवायचा, जराही उचलायचा नाही, बाजूचा स्क्रू फिरवून नुसती लेन्स वर सरकवायची. इमारतीचा माथा अलगद चौकटीत उतरायचा आणि भिंती सरळच्या सरळ राहायच्या. ते तिला 'सरकती' म्हणत. चाचींना फ्रीज आणतो म्हणून सांगून ते मुंबईला गेले आणि ही सरकती घेऊन आले. त्यानंतर कितीतरी वर्षं चाची पाण्याचा तांब्या पुढे करताना पाहुण्यांना सांगायच्या, "माठातलंच हाय. फ्रीज ह्यांच्या पिशवीत हाय."

पुढे मलाही तशी लेन्स घ्यावीशी वाटली. आपल्या गल्ल्या अरुंद, तेव्हा मिळेल तेवढी रुंद लेन्स घ्यावी असा माझा विचार. चाचांनी तो उभ्या उभ्या मोडीत काढला. "लई रुंद घेशीला तर कडंचा खांब ढोलावानी दिसंल. आदी मागं सरायला जागा हाय का बघा. समोरच्याची गच्ची मागा. च्या बी मिळतोय." मी त्यांच्यासारखीच चोवीस मिलिमीटरची घेतली. ती शेवटपर्यंत सरकवली की कोपरे काळवंडतात, म्हणून थोडी हातची राखून सरकवायची, हेही त्यांनीच शिकवलं. हे सगळं हल्ली कॉम्प्युटरवर सरळ करता येतं असं मी एकदा बोलून बसले. करता येतं, हे त्यांनी मान्य केलं. पण कॉम्प्युटर वरचा भाग ताणून सरळ करतो, आणि वरची नक्षी आधीच बारीक असते, ती ताणून तिच्यात काय राहणार, हा त्यांचा सवाल होता.

एवढा कर्मठ माणूस, पण कागलच्या एका कारखान्याच्या चिमणीचा फोटो काढताना त्यांनी कॅमेरा किंचित वर उचलला. मी लगेच बोट दाखवलं. ते म्हणाले, फारच उंच वस्तू अगदी सरळ दाखवली तर वरून जड वाटते, बघणाऱ्याच्या डोळ्याला थोडं निमुळतं लागतं. ही चिमणी मी त्यांना बरीच वर्षं ऐकवली. ऐकवणारी मी एकटीच नव्हते.

चाचांच्या पेठेतल्या तालमीला धोकादायक इमारत म्हणून नोटीस आली, तेव्हाची गोष्ट. काळ्या दगडाची दुमजली दर्शनी भिंत, वर कमानींची ओळ. ती कमानींसकट चाचांच्या वडिलांनी बांधलेली. तालमीचे वस्ताद म्हणजे चाचांचे लहानपणापासूनचे जोडीदार. दोघांनी एकाच मातीत अंग घुसळलेलं. भिंत मजबूत आहे असा अहवाल मी द्यावा, अशी वस्तादांची इच्छा होती. मी आधी फोटो मागितले आणि चाचा पिशवी घेऊन आले.

समोरून भिंतीत काही वावगं दिसत नव्हतं. चाचा कोपऱ्यावर गेले, भिंत बाजूने दिसेल अशी तिपाई लावली आणि ओळंबा सोडला. तो थांबल्यावर आम्हा सगळ्यांना दिसलं ते असं, की खाली दोरी भिंतीच्या कडेला लागून दिसत होती, आणि वर भिंत दोरी ओलांडून चार बोटं रस्त्याकडे आली होती. चाचा भिंतीच्या पायथ्याशी जाऊन उकिडवे बसले. मग म्हणाले, "बा नं सरळ बांधल्याली. म्होरं गटारीची चर खणली, तवा पाया बसला."

वस्तादांनी त्यांना बाजूला घेतलं, पण दोघांचेही आवाज तालमीतले, त्यामुळे सगळं सगळ्यांना ऐकू आलं. वस्तादांनी चाचांची प्रवचनं वर्षानुवर्षं ऐकली होती. कॅमेरा वर उचलला की भिंती आत झुकतात, हे त्यांना पाठ होतं. मग ही बाहेर आलेली भिंत चौकटीच्या कडेला धर आणि कॅमेरा थोडासा उचल, म्हणजे झुकून ती बरोबर सरळ होईल, असं त्यांचं म्हणणं. मी मनातल्या मनात ताडून पाहिलं. हिशेब चोख होता.

"कागलच्या चिमणीला उचललास न्हवं? मग आमच्या भितीला उचल की," वस्ताद म्हणाले. "तुज्या बा ची हाय."

चाचांचा चेहरा मला अजून आठवतो. ओळंब्यावरून नजर न काढता म्हणाले, "चिमणी सरळच हुती, गड्या. आणि तिच्याखालनं पोरं जात न्हाईत."

त्यांनी बाजूचा फोटो काढला, ओळंब्याची दोरी चौकटीत ठेवून. नंतर समोरच्या गच्चीवर जाऊन दुपारपर्यंत दर्शनी भिंतीचे फोटो घेत बसले. लेन्स खाली सरकवून खालचे थर, मग मधले, मग वर सरकवून कमानी. त्या दिवशी त्यांना कोणी चहासुद्धा विचारला नाही. आता उतरवावीच लागणार त्या भिंतीचे एवढे फोटो कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, ज्यो त्यो दगड परत त्येच्या जाग्याला बसाय नको व्हय?

माझ्या अहवालावरून आणि चाचांच्या त्या बाजूच्या फोटोवरून भिंत उतरवली आणि वस्तादांनी चाचांशी बोलणं टाकलं. समोरून चाचा आले की ते मान वळवून आत जात. तालमीच्या ज्या दारातून रोज हाक यायची, तिथून काही येईना, हे चाचांना फार लागलं. पण तोंडाने एवढंच म्हणत, "दगड बसू देत. बोलंल."

ते दगड बसले चाचांच्याच फोटोंवरून. कॅमेरा सरळ असल्यामुळे प्रत्येक दगड फोटोत आपल्या खऱ्या प्रमाणात आला होता. मी फोटो मोठे छापून दगडांवर आकडे घातले, तेच आकडे अंगणात मांडलेल्या दगडांवर रंगवले, आणि गवंड्यांनी नव्या पायावर जुनी भिंत थराथराने चढवली. कमानीसुद्धा जिथल्या तिथे.

तोवर चाचांचे हात कापायला लागले होते. भिंतीच्या शेवटच्या फोटोला मी त्यांना घेऊन गेले. त्यांनी काठीला ओळंबा टांगला, पण थांबवायला हात लावला की तो आणखीच डुलायचा. दोनदा झालं, तीनदा झालं. मी पुढे होणार, एवढ्यात तालमीतून वस्ताद आले. हाताला तांबडी माती तशीच. त्यांनी ओळंबा मुठीत धरला, थांबवला, अलगद सोडला आणि वारा लागू नये म्हणून तळव्याचा आडोसा करून तिथेच उभे राहिले.

मी हळूच म्हटलं, चाचा, वस्तादांचा हात फोटोत येतोय. चौकटीत विजेची एक तार आली तरी तिपाई हलवणारा हा माणूस. डोळे पुसून म्हणाला, "ऱ्हाऊ दे की."

चाचा गेले त्याला आता वर्ष होईल. तो फोटो तालमीत दारासमोरच लावलाय. नवीन पोरं कडेला दिसणारा मातीचा हात कुणाचा म्हणून विचारतात, तेव्हा वस्ताद लंगोट कसता कसता सांगतात, "हात तेवढा माजा. भित दस्तगीरची."