माशांचं बारसं

आमच्या आत्याला जगातलं कुठलंच नाव पटत नसे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला मिरजेला नेलं, तेव्हा डोळ्यांत थेंब घालायला आलेल्या तरुण डॉक्टरला तिनं आधी त्याचं नाव विचारलं. त्यानं ‘अद्वैत’ असं सांगितलं. आत्या म्हणाली, “आन् रानात लांब गेलास तर तुला बोलवायचं कसं? तुझ्या आत्याला दुसरं काय सुचलं न्हाई व्हय?” नाव आईनं ठेवलंय, असं तो बिचारा हसत म्हणाला. आत्यानं माझ्याकडे वळून “बघ” एवढंच म्हटलं. मोतीबिंदूचं मूळ सापडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सासर दुष्काळी आटपाडीत, माहेर तिथूनच जवळच्या खेड्यात. भावाच्या पोरांना नावं ठेवण्यासाठीच देवानं आत्या नावाचं माणूस घडवलं, अशी तिची खात्री होती. आमच्या बारशाला तिनं माझ्या भावाचं नाव तुकाराम ठेवलं आणि माझं बायडाक्का. आईनं तिच्यासमोर मान डोलावली आणि शाळेत नावं घातली ती स्वप्नील आणि प्राजक्ता. हा दगा आत्या शेवटपर्यंत विसरली नाही. मी कॉलेजात शिकवायला लागले, तरी एकदा स्टाफरूमच्या दारात उभी राहून तिनं “बायडे!” अशी हाक मारली, आणि माझ्या सहकाऱ्यांना पुढं वर्षभर करमणूक पुरली.

ती आमच्याकडे सांगलीला राहायला आली, ती दोन डोळ्यांच्या दोन ऑपरेशनांसाठी. मधे महिनाभर थांबा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो महिना आत्यानं आपल्या अधिकारात भरपूर लांबवला. फ्लॅट दादाचा. मी तिथंच राहत होते. वहिनीला दिवस गेले होते, आणि मासे बघितले की मन शांत राहतं असं तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितल्यामुळे हॉलमध्ये माशांची काचेची पेटी आली होती. वहिनी साताऱ्याची, नीटनेटकी. कुठलीही गोष्ट अभ्यास केल्याशिवाय करायची नाही. तिनं मोबाइलवर शोधून माशांना पाण्यावरून नावं ठेवली होती: ओशन, रिपल, कोरल, मिस्ट, असं काय काय. ती छापून काचेवर चिकटवलीही होती. मासे मात्र आपापल्या नावाखाली उभे राहायला तयार नव्हते.

एका डोळ्याला पट्टी लावून आत्या त्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसली. मला तिनं नावं वाचून दाखवायला लावली. मग उठली, गॅलरीत गेली आणि खाली रस्त्याकडे तोंड करून पूर्ण ताकदीनं ओरडली, “वोशन! ये वोशन!” खालून जाणारा भाजीवाला थांबला. आत्या आत येऊन म्हणाली, “बघितलंस? त्यो थांबला त्यो भ्याला म्हणून. वळला न्हाई. नाव लिवायला नसतं गं, हाक मारायला असतं.” वहिनी स्वयंपाकघरात होती. तिथं भांडं जरा जोरात आपटलं.

पाण्यावरूनच नावं हवीत, हे मात्र आत्यानं मान्य केलं. पण पाणी म्हणजे काय, हे आटपाडीकरणीनं ठरवायचं की साताऱ्याच्या पोरीनं, एवढाच प्रश्न होता. दोन दिवसांत सगळ्यांची नावं बदलली. सगळ्यात जाडा सोनेरी मासा, ज्याच्या मागं बाकीचे धावत, तो टँकर. सारखं तोंड वर-खाली करणारा आणि काहीच न करणारा, तो हापसा. सरळ तळाला जाऊन रिकामाच वर येणारा बोअर. कालव्याच्या पाटासारखी कडेकडेनं पळणारी लांबोडकी चारी. आणि एक मासा प्लास्टिकच्या झुडपामागं दडून बसायचा. तो आहे असं सगळे म्हणायचे, पण दिसला कुणालाच नव्हता. आत्यानं त्याचं नाव योजना ठेवलं. “लय वर्सं झाली, पानी येनार येनार म्हणत्यात,” ती म्हणाली. दादा इतका हसला की वहिनीनं दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

पेटीतलं पाणी बदलायचा दिवस हा घरातला युद्धाचा दिवस. थोडं पाणी काढून टाकायचं आणि ताजं घालायचं, असं दुकानदारानं सांगितलं होतं. आत्या बादली घेऊन हजर. एक थेंब मोरीत जाऊ द्यायची नाही. त्या पाण्यानं आधी कढीपत्त्याची कुंडी, मग गॅलरीची फरशी, मग पायपुसणी. एकदा ती त्यातच दादाच्या गाडीचं कव्हर धुवायला निघाली होती. माशांना गुपचूप भाकरीही घालायची. पाणी गढूळ झालं आणि वहिनीनं काय घातलं म्हणून विचारलं, तर शांतपणे म्हणाली, “पिठलं घाटलं न्हाई, भाकरी घाटली.” टँकर गेला तो बहुधा त्या भाकरीपायीच. आत्यानं त्याला कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं, हात धुतले आणि म्हणाली, “टँकर बंद झाला की म्हणायचं, पाऊस जवळ आला.” तिला वाईट वाटलं असावं, कारण त्या दिवशी तिनं भाकरीला हात लावला नाही.

टँकरच्या जागी नवीन मासा आला, तेव्हा आत्यानं मला समोर बसवलं. “आता तू ठिव नाव. तुझ्या भावाला प्वार हुनार हाय. तू आत्या हुनार. माशावर हात बसू दे आधी.” मी इकडंतिकडं बघून ‘लाट’ म्हटलं. आत्या म्हणाली, “लाट तू बघितलीस कवा? कृष्णेला पूर आला, तवा माडीवर बसून फोटो काढत हुतीस.” मग मी नदीचं नाव काढलं, नीरा. “ती साताऱ्याकडची. तिकडच्या लोकास्नी ठिवू दे.” मी चिडून विचारलं, मग तुमच्या नदीत काय असतं ते तरी सांगा. तेव्हा तिनं सांगितलं की माणगंगेत बहुतेक वर्षं वाळूच असते. त्या वाळूत हातानं खड्डा करायचा आणि खाली पाणी पाझरून येईपर्यंत शेजारी बसून राहायचं. वाटीवाटीनं घागर भरायची. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. मी म्हटलं, मग याचं नाव झिरा. आत्यानं प्रथमच माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मला पीएच.डी. मिळाली तेव्हाही तिनं असं बघितलं नव्हतं.

मी लाडात येऊन विचारलं, “मग माणगंगा का नाही ठेवलंत एकाला?” आत्या एकदम म्हणाली, “ते नाव माशाला न्हाई.” मग पट्टीवरून हात फिरवत तिनं सांगितलं की ते तिचं स्वतःचं नाव. ती जन्मली त्या दिवशी कोरड्या नदीला पाणी आलं होतं, म्हणून तिच्या आत्यानं ते ठेवलं होतं. लग्नात नवऱ्यानं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं शैलजा असं नवं नाव लिहिलं. “मला कुठं वाचाय येत हुतं? दुसऱ्या दिवशी सासू शैलजा, शैलजा वरडाय लागली. मी आपली दाराकडं बघतीया, कोन येतंय म्हणून. तवा सासूनं पाठीत धपाटा घाटला.” हे सांगून ती खूप हसली. मी हसले नाही. इतकी वर्षं आम्ही तिच्या नावं ठेवण्याची टिंगल करत आलो होतो. तिचं स्वतःचं नाव आम्हां भावंडांना माहीतच नव्हतं, माझ्या वडिलांनीही कधी काढलं नव्हतं.

वहिनीला मुलगी झाली. आत्यानं चष्मा पुसून तिला बघितलं आणि सरळ मागणी घातली: माणगंगा. तिला दुसरं काही नको होतं. आत्यानं ठेवलेलं एक तरी नाव या घरात चालू राहावं, एवढंच. वहिनी वाईट नाही. तिनं गोड शब्दांत सांगितलं, “आत्या, नाव छान आहे, पण तिला शाळेत चिडवतील हो.” आत्या म्हणाली, “चिडवू देत की. चिडवाय तरी नाव ध्येनात ऱ्हातंय.” मुलगी झाली तर नायरा, हे वहिनीनं सातव्या महिन्यातच पक्कं केलं होतं. दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव तिला हवं होतं. दादा या सगळ्या चर्चेत माशांकडे बघत बसला. मासे बघितले की मन शांत राहतं, हे घरात फक्त त्यालाच साधलं.

बारशाला वहिनीचं सगळं माहेर साताऱ्याहून आलं. भिंतीवर सोनेरी फुग्यांत ‘नायरा’ आधीच लटकत होतं, पाहुण्यांना द्यायच्या डब्यांवरही तेच छापलेलं. आत्या म्हणून माझं काम एवढंच उरलं होतं, की भिंतीवर दिसणारं नाव बाळाला सांगायचं. पाळणा म्हणून झाला. मी वाकले आणि बाळाच्या कानात हळूच ‘माणगंगा’ म्हटलं. मग उभी राहून मोठ्यानं ‘नायरा’ म्हटलं. बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, टाळ्या झाल्या, फोटो झाले. आपण फार हुशारीनं दोघींचं मन राखलं, असं मला वाटत होतं.

आत्या स्वयंपाकघरात घुगऱ्या वाढत होती. मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, कानात तुमचंच नाव सांगितलंय. तिच्या डोळ्यांत पाणी येईल, अशी माझी अपेक्षा होती. तिनं डाव खाली ठेवला. “कानात? त्या बारक्या जिवाला काय कळतंय? कानात कुनीबी काहीबी सांगंल. माझं नाव काय चोरीचं हाय व्हय गं, कुजबुजायला?” मग डाव उचलून पुन्हा वाढायला लागली. घुगऱ्या ताटलीबाहेर पडत होत्या.

मला राग आला. तिचा आला, माझा आला, त्या फुग्यांचाही आला. मी हॉलमध्ये गेले, पाळण्याजवळ उभी राहिले आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायचा तो आवाज काढून म्हणाले, “आत्यानं ठेवलेलं नाव माणगंगा!” वहिनीच्या आईच्या हातातला पेढा तसाच राहिला. वहिनी माझ्याकडे असं बघत होती, की आजही आठवलं तर मी नजर चुकवते. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी धपाटा घातला नाही. मग आत्या स्वयंपाकघरातून आली, गर्दीतून वाट काढत माझ्या मागं उभी राहिली आणि तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की मी पाळण्यावर पडायची वाचले. पाठ दोन दिवस दुखत होती.

आठवड्यानं ती आटपाडीला गेली. जाताना माशांना नावानिशी निरोप दिला, वहिनीला फक्त “येते” म्हणाली. घरात मुलीला दोन नावं झाली. वहिनी नायरा म्हणायची, मी माणगंगा म्हणायचे, आणि दादा दोघींपैकी जी खोलीत असेल तिचं बघून ठरवायचा. आत्या फोनवर एकच प्रश्न विचारायची, “वळती का?” मी सांगायचे, वळते. त्यावर ती फोन ठेवून द्यायची. मुलगी तीन वर्षांची होण्याआधीच ती गेली. झोपेतच गेली, कुणाला हाक मारावी लागली नाही. आटपाडीच्या चौकात लावलेल्या श्रद्धांजलीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत शैलजा लिहिलं होतं. तिथून तिच्याच माहेरची दोन माणसं पुढं निघून गेली, त्यांना कोण गेलं ते कळलंच नाही.

यंदा मुलगी शाळेत जायला लागली. पहिल्याच आठवड्यात वहिनी शाळेतून आली ती पर्स सोफ्यावर टाकून बसली. मी विचारलं तर आधी सांगेना. वर्गात चार नायरा निघाल्या. बाईंनी हाक मारली की चौघी उठतात, नाहीतर चौघीही उठत नाहीत. शेवटी बाईंनी प्रत्येकीच्या आईला बाजूला घेऊन विचारलं, हिला घरी दुसरं काही म्हणता का? वहिनीला सांगावं लागलं. बाईंनी तिथंच हाक मारून बघितली, आणि पोरगी उड्या मारत आली.

“आता वर्गात तेच चालणार,” वहिनी म्हणाली. मी हसू दाबत होते. तीही जरा हसली आणि मग म्हणाली, “आत्या असत्या तर मला वर्षभर टोमणे मारून मारून जीव नकोसा केला असता.”

“वर्षभर? जन्मभर,” मी म्हटलं.

वहिनी डोळे पुसत उठली. “मारू देत की हो,” ती म्हणाली, “पण असायला हव्या होत्या.”