चौदा ओळी आणि सरांचं नाक

सरांनी स्टीलची पट्टी माझ्या हनुवटीखाली घातली आणि माझं तोंड वर्गाकडे फिरवलं. सारंगखेड्याच्या बाजारात घोडीचा जबडा धरून गिऱ्हाइकाला दात दाखवतात, तसं.

“बघा. कवी म्हणतो, गाल गुलाबासारखे. दिसतायत का कुठे गुलाब?”

वर्ग हसला.

“केस सोन्याच्या तारा. हा तर खराटा.”

पहिल्या बाकावरून एक जण ओरडला, “सर, पावडर लायी द्या तिले, मंग दिसी गुलाब!”

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, इंग्रजी घेऊन. घरात कॉलेजचं तोंड बघितलेली पहिली मीच. आमचं गाव विसरवाडीहून आत, डोंगरात. घरी आम्ही कोकणी बोलतो, समुद्राकाठची नव्हे, आम्हा डोंगरातल्या आदिवासींची. बा पावसाळ्यात भात लावतो, नंतर गुजरातेत मजुरीला जातो. सर तापीकाठचे. पपईची बागायत, आणि घरात आजोबांपासून मास्तरकी.

माझा गुन्हा काय? मी हात वर केला होता. सरांनी विचारलं होतं, “ही इंग्रजी प्रेमाची सुनीतं चारशे वर्षं का टिकली? चौदा ओळींत असं आहे तरी काय?”

मला उत्तर माहीत होतं. गाईडातलं नाही, माझं. त्या कविता मी एसटीत दांड्याला लोंबकळत पाठ केल्या होत्या, एकेक शब्द डिक्शनरीत बघून. वेडच लागलं होतं म्हणा. आमच्याकडे लग्नात दोन्हीकडच्या बायका मांडवात समोरासमोर उभ्या राहतात आणि गाण्यातून एकमेकींच्या माणसांची लक्तरं काढतात. नाक, दात, पोट, काही सोडत नाहीत. एकीकडचं गाणं झालं की दुसरीकडून उत्तर आलं पाहिजे. आलं नाही तर पहिल्या बायका तेच तेच म्हणत राहतात. मला सुनीत तसं वाटलं. तो बोलतोय. तुझे डोळे असे, तू म्हातारी होशील, पण मी तुला मरू देणार नाही. आणि ती? गप्प. चारशे वर्षं गप्प. समोरून उत्तर आलेलं नाही, म्हणून ते गाणं थांबत नाही. वाचणाऱ्या बाईला वाटतं, मी बोलू का?

एवढंच सांगायचं होतं. सर म्हणाले, “तू? ये, पुढे ये. तुझाच उपयोग करू.”

पट्टी आता ओठांवर आली. थंडगार. सर वर्गाकडे बघून म्हणाले, “हिच्यावर कोण लिहील चौदा ओळी? हिच्यावर चौदा माश्या बसतील.”

मग मी गायले. कोकणीत, मांडवातल्या चालीवर. सरांच्या कलप लावलेल्या केसांपासून सुरुवात केली. नाकाला वांग्याचा देठ म्हटलं. पोटाला कणगी म्हटलं. बाकी वर्गाला काही कळलं नाही. मागच्या बाकावर आमच्याकडच्या दोघी होत्या, त्या फुटल्या. बाक वाजवून हसल्या. सरांना शब्द कळले नाहीत. हसणं कळलं.

पट्टी धारेनं गालावर बसली. “हाऊ डेअर यू!”

दुसरी कानावर. “नालायक कार्टे!”

तिसरी आडव्या घातलेल्या हातावर. “माले हासस का वं? जंगलनी!”

तीन फटक्यांत सर इंग्रजीतून मराठीत, मराठीतून घरच्या अहिराणीत आले. माझ्या मानेवरून गरम काहीतरी खाली उतरत होतं.

माझ्या काखेत लायब्ररीचं पुस्तक होतं. सगळी सुनीतं एकत्र, जाड पुठ्ठ्याचं. मी ते दोन्ही हातांनी धरलं आणि सरांच्या नाकावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. पुन्हा घातलं. सर खाली बसले. पांढरा सदरा लाल झाला. शिपायानं मला मागून धरलं नसतं तर आणखी घातलं असतं.

प्राचार्यांनी लगेच बाला बोलावून घेतलं. बानं केबिनच्या बाहेर चपला काढल्या. आत सर नाकाला रुमाल लावून बसले होते. प्राचार्य म्हणाले, “सरांचे पाय धर, विषय इथंच मिटवू.” बा वाकला. मी त्याची कॉलर धरून त्याला ओढून सरळ उभं केलं. सदऱ्याची बटणं तुटून फरशीवर उडाली.

“बा, वाकलास तर मी तुझी पोर नाही.”

बानं माझा फाटलेला गाल बघितला. मग म्हणाला, “चाल.” आम्ही घरी गेलो नाही. रक्त न पुसता पोलीस स्टेशनला गेलो.

सरांवर गुन्हा दाखल झाला. त्यांनी माझ्यावरही घातला. परीक्षा दिली, पदवी घेतली, मग बी.एड.ही केलं. पण चारित्र्य पडताळणीपाशी माझं नाव अडकतं. केस उभी आहे तोवर सरकारी शाळेची नोकरी नाही. सध्या गावातल्या पोरींना इंग्रजी शिकवते. सुनीतंही शिकवते. का नाही शिकवायची? सरांच्या शेतात उगवली नव्हती ती. कविता वाचून झाली की पोरींना म्हणते, आता तिच्या बाजूनं तुम्ही बोला. काय काय बोलतात पोरी! ऐकायला पाहिजे कुणीतरी.

गेल्या महिन्यात सरांचे मोठे भाऊ गाडी घेऊन दारात आले. पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला.

“ताई, तू केस मांगे ले, आम्ही बी लेतस. शिकेल पोर शे तू, नोकरी लागी जाई. हाई भांडण कशाले?”

मी पुडा त्यांच्या हातात परत दिला. “दादा, कोर्टात या.”

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नोकरी तिलाही हवी आहे. मला तर हवीच आहे.

आता माझेच वकील सांगतात, “झटापटीत लागलं म्हण. सुटशील.” नाही. लागलं नाही, मी मारलं. कुणी, कशासाठी, काय ऐकल्यावर, सगळं पिंजऱ्यात उभी राहून सांगेन. शिक्षा झाली तर भोगेन. नोकरी गेली तर बाबरोबर गुजरातेत ऊस तोडेन. तडजोडीच्या कागदावर सही करणार नाही.