ड्रॉवरभर सह्या

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. आणि त्याचा शेवट आठवला की एकटी असले तरी हसू येतं.

तेव्हा मी पनवेलला पोलीस निरीक्षक होते. एका सकाळी उरणकडच्या खाडीकाठची एक कोळी मावशी ठाण्यात आली. नवऱ्याच्या मागे तिनं स्वतःच्या एकटीच्या नावावर छोटी कंपनी काढली होती. द्रोणागिरीच्या गोदामात एक थंड खोली भाड्यानं घेतली होती आणि हंगामाची सगळी कोळंबी तिथं ठेवली होती. त्या सकाळी खोलीला नवंच कुलूप.

"वॉचमन बोलतो, तुमी राजीनामा दिलाय," मावशी म्हणाली. "ताई, मी कदी दिला? मी तर कुटं सही बी केली नाय."

सही झाली होती. डिजिटल. सरकारी नोंदीत मावशीचा राजीनामा होता, आणि तिच्या जागी नवा संचालक आला होता. कोण? तर तिची कागदपत्रं पाहणाऱ्या पनवेलच्या सल्लागाराचा मेहुणा.

गुन्हा दाखल करून मी तपासाला सुरुवात केली. दुपारी एका मुलीचा फोन आला. पूर्वी ती त्या सल्लागाराकडे कामाला होती. नाव सांगायला तयार नव्हती.

"मॅडम, सरांच्या ड्रॉवरमध्ये सगळ्यांचे डोंगल असतात. रबरबँड लावून, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून. क्लायंटच्या हातात देतच नाहीत."

डोंगल म्हणजे पेनड्राइव्हसारखी वस्तू. आत त्या माणसाचं डिजिटल सर्टिफिकेट असतं. पिन टाकला की त्याची सही होते, आणि कायदा ती खरी मानतो. अशा जिवंत माणसांच्या सह्या ड्रॉवरमध्ये, रबरबँड लावून! आणि हे लपूनछपून चालत नव्हतं, राजीखुशीनं चालत होतं. शिकलेले लोक, दुकानदार, बिल्डर, सगळे डोंगल देऊन मोकळे. विचारलं की म्हणायचे, "तेच बघतात सगळं." अहो, चेकबुकवर सह्या करून शेजाऱ्याकडे ठेवाल का?

आम्ही झडती घेतली. ड्रॉवरमध्ये फक्त रबरबँड सापडले. पठ्ठ्यानं सगळ्यांचे डोंगल आधीच घरोघर पोहोचवले होते. मावशीचाही.

चौकशीत तो पायावर पाय टाकून बसला. "मॅडम, डोंगल त्यांच्याकडे आहे. पिन त्यांनीच ठेवलाय. मला तो माहीत नाही, कधी नव्हताच. राजीनामा त्यांनीच दिला आणि आता पस्तावल्या."

हेच त्यानं जबाबात लिहून दिलं, खाली सहीही केली. मावशी समोरच्या बाकावर पदर आवळून बसली होती. पिन म्हणजे काय, हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि कुलपामागे तिचा हंगाम होता.

तिच्या डोंगलमधलं सर्टिफिकेट आणि राजीनाम्यावरचं सर्टिफिकेट एकच आहे का, हे मला पंचांसमोर पाहायचं होतं. नुसतं पाहायला पिन लागत नाही. पंच म्हणून एक बेकरीवाले आणि एक झेरॉक्सवाले बोलावले, त्यांना जबाब वाचून दाखवला. आमच्या हवालदारानं डोंगल लावला. स्क्रीनवर आलं, सर्टिफिकेट सापडले नाही. काढला, पुन्हा लावला. तेच. डोंगलच्या कंपनीला फोन केला. तिकडून एकच सल्ला, रीस्टार्ट करा.

"मॅडम," हवालदार घाम पुसत म्हणाले, "आता मलाच रीस्टार्ट करावं लागणार."

सल्लागार मोठ्यानं हसला. "अहो, ब्राउझर चौसष्ट बिटचा आणि तुम्ही लायब्ररी टाकलीय बत्तीस बिटची. ती वाचेल कशी?" लायब्ररी म्हणजे डोंगलमधलं कुलूपबंद सर्टिफिकेट संगणकाला वाचून दाखवणारा छोटा प्रोग्राम.

"तुम्हाला जमेल?" मी विचारलं.

"मला? निम्म्या पनवेलच्या कंपन्या या बोटांवर चालतात. सरका, मॅडम."

मी सरकले. पंचांना म्हटलं, "लक्ष असू द्या."

त्यानं जुनी लायब्ररी काढली, नवी टाकली, ब्राउझर बंद करून उघडला. बोटं नुसती धावत होती. सर्टिफिकेट दिसलं. त्यानं त्यावर क्लिक केलं आणि पिनची चौकट आली. मी पिन मागितला नव्हता. कुणीच मागितला नव्हता. त्याच्या बोटांनी तो टाकला आणि एंटर दाबलं.

डोंगल उघडला. वर मावशीचं नाव.

मग बेकरीवाले म्हणाले, "अहो, हा पिन तुम्हाला माहीत नव्हता ना?"

त्याचा हात की-बोर्डवरच राहिला. "सवयीनं..." तो पुटपुटला. "सगळ्यांना एकच ठेवतो मी."

"बगा ताई," मावशी बाकावरून म्हणाली, "माजी सही माज्यापेक्षा त्यालाच चांगली येते."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण दोन पंचांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पंचनामा झाला. त्या आधारावर त्याच्या ऑफिसचे संगणक जप्त केले, आणि राजीनामा त्यातल्याच एकावरून भरल्याचं तपासणीत निघालं. मेहुणा तर पहिल्याच चौकशीत घडाघडा बोलला. बातमी पसरली तसे कोन, करंजाडे या गावांकडचे लोक आपापले डोंगल मुठीत धरून ठाण्यात येऊ लागले. राजीनामा रद्द झाला, गोदामाचं कुलूप मावशीच्या हातानं उघडलं. कोळंबी शाबूत होती!

पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता गावोगाव पत्रकं वाटते, आणि लोक रागावले तरी तोंडावर सांगते, तुमची सही चोराला तुम्हीच नेऊन देता. त्याला पुढचं डोकं फार लावावं लागत नाही. उलट त्याला स्वतःच्या हुशारीचा इतका माज चढतो की शेवटी तोच त्याला पकडून देतो.

पण खरा धडा मावशीनं दिला. नवं सर्टिफिकेट मिळाल्यावर ती मुद्दाम ठाण्यात आली. आमच्याच संगणकापुढे बसली, एका बोटानं एकेक बटण शोधू लागली. मी मदतीला वाकले, तर तिनं तळहातानं पिनची चौकट झाकली.

"ताई," ती म्हणाली, "तुमी बी तोंड फिरवा."

मी फिरवलं. मागे हवालदारही भिंतीकडे तोंड करून उभे होते.