फुग्यातला ह

पळस्प्याच्या नाक्यावर जनाभाऊंचा फ्लेक्स लागलेला असला की ते त्याच्याखाली गाडी हळू करत. मागे गोव्याला निघालेल्यांचे हॉर्न सुरू होत, कोणी खिडकीतून डोकं काढून शिव्या घाली. भाऊ काच खाली करून निवांत वर बघत. मी पहिल्यांदा शेजारी बसलो होतो तेव्हा म्हटलं, "भाऊ, हा फोटो तुम्ही रोज बघता?" ते म्हणाले, "पेंटर, तो बी मला रोज बघतो. त्याला बरा वाटला पायजे."

जनाभाऊ पनवेलजवळच्या कोन गावचे. घरची जमीन रस्त्यात आणि इमारतींत गेली, तेव्हापासून ते पूर्णवेळ कलाकार झाले होते. लग्नाच्या हळदीला गात, आणि त्यांची गाणी पार उरणपर्यंत मोबाइलवर वाजत. गळ्यात बोटाएवढी जाड साखळी, पायांत पांढरे बूट, आणि स्वतःच्या चेहऱ्याबद्दल मनापासून आदर. अशा माणसावर तोंड झाकायची वेळ आली, आणि ती माझ्यामुळे आली.

लहान मुलांच्या एका मासिकात मी 'खारवीर' नावाची चित्रकथा काढत असे. मिठागरात राबणाऱ्या घरातला हा गडी पांढरा मुखवटा घालून जमिनी लाटणाऱ्यांना बदडतो. दर भागाच्या शेवटी खलनायक दरडावतो, "सोडतोस ना जमीन?" आणि खारवीरच्या तोंडाजवळच्या फुग्यात एकच शब्द असतो, "नाही." अद्वैत नावाच्या एका तरुण दिग्दर्शकाला त्यात सिनेमा दिसला. जनाभाऊंच्या नावावर गर्दी जमते म्हणून नायक ते झाले. मला सल्लागार नेमलं, म्हणजे प्लास्टिकची एक खुर्ची आणि वाटेल तितका चहा दिला.

पहिल्याच दिवशी भाऊंनी मुखवटा दोन बोटांत उचलून धरला, जणू कोणाचा तरी मोजा आहे. "ह्यो मारामारीपुरता ना?"

"नाही सर, पूर्ण सिनेमाभर," अद्वैत म्हणाला. "चेहरा दिसला की तो एक माणूस होतो. झाकला की तो सगळ्यांचा होतो. मुखवटा हाच आपला नायक आहे."

"मंग दुपारी मुखवट्यालाच जेवाय घाला. मी घरी जातो."

ते घरी गेले नाहीत, पण मुखवटे जाऊ लागले. एक खाडीत पडला, एक भाऊंच्या गाडीखाली आला, एक दुसऱ्या दिवशी शेजारच्या बोकडाच्या गळ्यात सापडला. जो उरला तो घाम पुसण्याच्या निमित्तानं दर शॉटला नेमका कॅमेऱ्यासमोर वर सरके. अद्वैत हेडफोन आपटी, भाऊ साखळी सारखी करत, आणि मग दोघेही न्यायासाठी माझ्या खुर्चीकडे येत. मी चहा मागवत असे. माझी सल्लागारी तेवढीच होती.

शेवटी भाऊंनीच तोड काढली. "तोंड तुमचा, आवाज माजा," ते अद्वैतला म्हणाले. "मुखवटा घालतो. पन बोलनार मी, माज्या बोलीत." अद्वैतनं हात मिळवला. त्यानंतर भाऊ भर उन्हात तो मुखवटा घालून उभे राहिले, अंगावर पुरळ उठलं तरी कुरकुर केली नाही. शब्द दिला की दिला, एवढं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. मला हा माणूस आवडायला लागला तो तेव्हा.

सिनेमा पुरा झाल्यावर आम्हाला आधी दाखवला. खलनायकानं दरडावलं, "सोडतोस ना जमीन?" आणि मुखवट्याआडून एक गुळगुळीत, बातम्या सांगितल्यासारखा आवाज आला, "नाही." आवाज कुण्या भलत्याचाच होता. बाहेरच्या प्रेक्षकांना भाऊंची बोली कळणार नाही असं निर्मात्यांना वाटलं होतं, आणि अद्वैतनं मान डोलावली होती.

दिवे लागले तरी भाऊ उठले नाहीत. मग अगदी हळू म्हणाले, "तोंड तुमी झाकला. आवाज तुमी काढला. मंग ह्या पिच्चरमध्ये मी हाय कुठं?"

अद्वैत चाचरत म्हणाला, "पण सर, मूळ चित्रकथेतही 'नाही'च लिहिलंय."

भाऊ माझ्याकडे वळले. "तुमच्या फुग्यात ह हाय, पेंटर. माज्या तोंडात नाय. माज्या बापाच्या तोंडात नव्हता. जमीन जाताना त्यो 'नाय'च बोलला हुता. 'नाही' बोलला असता तर ऐकला असता काय कोनी?"

मला फार वाईट वाटलं. खारवीरला 'नाही' म्हणायला मी कुठून शिकवलं, देव जाणे. आमच्या पनवेलच्या घरात तसं म्हणत, एवढंच.

पनवेलला पहिला खेळ होता, तेव्हा अख्खं कोन थिएटरात लोटलं होतं. खारवीर पडद्यावर आला, तो बोलणार, तोच आवाज बंद पडला. थिएटरात यंत्र चालवणारा भाऊंच्या मेव्हणीचा दीर निघाला. पडद्याखाली हळदीला लावतात तसले दोन जंगी स्पीकर होते. मला ते सजावटीचे वाटले होते. अंधारात माइक खरखरला, आणि भाऊंनी त्या स्पीकरांशेजारून सगळा सिनेमा एकट्यानं बोलायला घेतला. नायक तेच, खलनायक तेच, नायिकाही तेच. नायिकेचा आवाज काढताना त्यांना खोकला आला. मध्येच एका पुतण्याला त्याच्या लग्नाच्या शुभेच्छा दिल्या, आणि एका मारामारीत खलनायकाला "अद्वैत" अशी हाक मारली.

अद्वैत माझ्या शेजारी डोकं धरून बसला होता. थोड्या वेळानं त्यानं डोकं वर केलं आणि पुटपुटला, "ओठ जुळतायत."

"मुखवटा आहे ना," मी म्हणालो. "ओठ दिसतात कुठे?"

मग तो प्रसंग आला. "सोडतोस ना जमीन?" भाऊ मुद्दाम थांबले. मग ते म्हणाले, "नाय." आणि मागून सगळं कोन बोललं, "नाय." म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मीही रडलो, लाजायचं काय त्यात. अद्वैत उठून भाऊंपाशी गेला आणि त्यांच्या पाया पडला. भाऊ माइक बंद न करताच म्हणाले, "उठ. तुजा मुखवटा बरा हाय. त्याच्याआडून कायबी बोलाय येतो."

बाकी गावांत सिनेमा त्या गुळगुळीत आवाजात लागला आणि आपटला. त्यानंतर भाऊ हळदीला मुखवटा घालूनच गाऊ लागले. पोरं तो ओढायला धावत आणि भाऊ त्यांना लटकेच बदडत.

गेल्या वर्षी अशाच एका हळदीत गाता गाता ते खाली बसले. लोकांना वाटलं, नाटक करतायत. मुखवटा काढायला म्हणूनच उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ नामदेव माझ्याकडे आला. पळस्प्याला श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. फोटोत मुखवटा होता.

"अरे, यात चेहरा कुठे दिसतोय त्यांचा?" मी म्हणालो.

"तोंड सगल्यांनी बगलाय, सर. तेनंच सांगून ठेवलावता, ह्योच लावायचा." तो जरा घुटमळला. "पन वर तुमच्या हातचा फुगा पायजे. तेचा बोलना."

मी फोटोवर फुगा काढला. सवयीनं आत 'नाही' लिहायला गेलो, हात 'ना'वरच थांबला. पुढे 'य' काढला आणि त्याला दिलं.

पळस्प्यावरून जाताना हल्ली मी रिक्षावाल्याला गाडी हळू करायला सांगतो. मागून हॉर्न वाजतात, शिव्याही येतात. वर भाऊ तोंड झाकून उभे आहेत आणि त्या सगळ्यांना 'नाय' म्हणतायत.