यादीत नसलेली सहा नेटवर्कं

ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. कंपनीने क्लाउडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या कॉम्प्युटरांवर, उभारलेल्या नेटवर्कांची नावं आणि पत्ते काढून देणं हे तिचं काम. बाकीचे स्क्रीनवर टिचक्या मारत बसत. ही काळ्या खिडकीत चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या आज्ञा, चालवी आणि चहा निवायच्या आत यादी हजर. नऊ वर्षांत तिच्या यादीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

त्या दिवशी ती घरूनच काम करत होती. सकाळी साहेबांना यादी गेली. अकरा नेटवर्कं. यादीत नाही ते बेवारस समजून साहेब चार वाजता पुसणार होते.

साडेतीनला आई भाजी निवडत शेजारी बसली. मागच्या वर्षी बाबा कोसळले तेव्हा तिनेच रुग्णवाहिका बोलावली होती.

"ते रुग्णवाहिकेचे फोन तुमच्याच कंपनीतून जातात ना गं? यातलं कुठलं ते?"

"हे बघ..." तिने बोट खाली नेलं. वर आणलं. बोट कुठे थांबेचना.

रुग्णवाहिकेचं नेटवर्क कंपनीच्या क्लाउडवरच्या दुसऱ्या खात्यात होतं. स्क्रिप्टमधली सगळी खाती फिरून येणारी ओळ तिने सकाळी चाचणीपुरती बंद केली होती आणि ती चालू करायची राहूनच गेली. तिने ती चालू करून यादी पुन्हा काढली. सतरा! तिने साहेबांना फोन लावला.

"साहेब, थांबा! यादी चुकलीय."

"मोजणीबाईंची? सूर्य कुठे उगवला आज?"

"थट्टा नको. पुसायला घेतलंत का?"

"हात रिकामे होते, म्हणून लवकरच घेतलं. एक आत्ताच झालंसुद्धा."

"कुठलं?"

पलीकडे नुसती बटणं वाजत राहिली. आईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"प्रशिक्षणाचं. रिकामंच होतं. आणि पुढचं..." साहेबांनी नाव वाचलं. "रुग्णवाहिकेचं! अगं, यावर तर माझं बोट होतं."

तिने लगेच नवी यादी पाठवली. आईने तिचा हात धरला.

संध्याकाळी तिने चूक स्वतःच्या नावावर लिहून सगळ्यांना कळवली. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: एकही खातं तपासायचं राहिलं, तर यादी देऊच नकोस.

तरीही आता यादी आली की ती आधी रुग्णवाहिकेचं नाव शोधते. सापडेपर्यंत चहाला हात लावत नाही.